पाहुण्यांचे गुडघे उतरवलेली कोंबडी

मुख्य पाहुण्यांच्या तोंडात रश्श्यातली नळी होती आणि वर हॉलमध्ये माझ्या डाल्याखाली कोंबडी नव्हती.

मी कोंबडीला पाणी ठेवायला वर गेले होते. झाकलेलं डालं आडवं पडलेलं, पायाला बांधलेली सुतळी तिथंच, कोंबडी गायब. तशीच जिना उतरून कॉलेजच्या मेसमध्ये आले. सगळे प्राध्यापक जेवायला बसले होते. मी आचाऱ्याला विचारलं, "माझी काळी कोंबडी बघितली का रे?"

तो पळीनं रस्सा ढवळत होता. म्हणाला, "काळी व्हय? मघा शिपाई घिऊन आलता की. पाव्हनं लई हायेत, रस्सा पुरायचा न्हाई म्हनला. तीबी टाकली."

त्याला हळू बोलायची सवय नव्हती. सगळ्या मेसनं ऐकलं. ताटवाट्यांचा आवाज बंद झाला. पाहुण्यांनी नळी तोंडातून काढली आणि हातात धरून तिच्याकडं बघत राहिले. बाकीचे पाहुण्यांकडं बघत होते आणि पाहुण्यांचं बघून झाल्यावर सगळे माझ्याकडं.

मी काय सांगणार? मीसुद्धा दोन फोडी खाऊनच वर गेले होते.

ती कोंबडी साधी नव्हती. सकाळीच मी तिच्यावर मुख्य पाहुण्यांचे गुडघे उतरवले होते.

आमच्या पाथर्डीकडं लेकरू किरकिर करायला लागलं, माणूस उगाच झिजायला लागला, की त्याच्यावरून काळी कोंबडी ओवाळतात. पायापासून डोक्यापर्यंत फिरवायची, जे काय असेल ते घेऊन जा म्हणायचं, आणि गावाबाहेर तिवाट्यावर नेऊन सोडायची. मागं वळून बघायचं नाही. ती कोंबडी कोणी धरायची नाही, कापायची नाही. जो खाईल त्याला ते लागतं. ज्याच्यावरून ओवाळली त्यानंच खाल्ली तर गेलेलं परत येतं आणि मुक्काम वाढवतं. ऊसतोडीला टोळ्या निघायच्या आधी बाया लेकरं घेऊन माझ्याकडं येतात. मला त्यातलं काही कळतं असं नाही. मी चौथी शिकलेली बाई. सासू करायची तसं करते. गुण आला तर बाया गूळ-खोबरं आणून देतात, नाही आला तर दवाखान्यात जातात. तक्रार घेऊन अजून कोणी आलेलं नाही.

माझी नात त्याच कॉलेजात तासावर शिकवते. पक्की नोकरी नाही. पीएचडीला नाव लागलं तर पुढच्या वर्षी तास मिळणार, नाही लागलं तर ते तास दुसऱ्याला जाणार, हे प्राचार्यांनी तिला चहा पाजून सांगितलं होतं. तिनं विषय धरला होता तो हाच, उताऱ्याचा. एकाचं दुखणं दुसऱ्यावर जातं असं माणसं का मानतात, कशावरून मानतात. आणि नाव लावून घ्यायचं की नाही हे ज्यांच्या हातात होतं तेच सर चर्चासत्राला मुख्य पाहुणे म्हणून यायचे होते. म्हणून तर पोरीला आठ दिवस जेवण गोड लागत नव्हतं.

दारावर मोठा फलक होता. लोकजादू, लोकश्रद्धा आणि लोकसंस्कृती, आंतरराष्ट्रीय चर्चासत्र. परदेशातल्या एक बाई पडद्यावर दिसणार होत्या, म्हणून आंतरराष्ट्रीय.

नात मला म्हणाली होती, "आज्जी, तू फक्त ओवाळून दाखव. खोटं खोटं."

"खोटं ओवाळायचं तर खोटी कोंबडी आन," मी म्हणाले. "कुनावरून तरी उतरवावं लागतं. न्हाईतर ती कोंबडी मोकळीच हिंडती आन् घावंल त्याच्या गळ्यात पडती."

प्राचार्य कोंबडी बघूनच घाबरले. घाम पुसत म्हणाले, "आजी, कायदा आहे बरं का. इथं कोंबडी मारायची नाही. कोणाला भीती घालायची नाही. गुण येतो असं तर अजिबात म्हणायचं नाही."

"मी कशाला मारू? तिला जिती सोडायची आस्ती. आन् भ्या तुमालाच वाटतंय, मी घातलं न्हाई."

आधी पाहुण्यांचं भाषण झालं. त्यांचा आवाज चांगला होता. अधूनमधून मला डुलकी लागली, पण मुद्दा कळला. ते म्हणत होते, जादूटोणा हा आता इतिहास झाला. शिकलेल्या माणसाची भीती गेली, नुसती सवय उरली. दाराला लिंबू-मिरची बांधतात ती तोरणासारखी. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. त्यांच्या गाडीला पुढं काळी बाहुली लटकत होती ती मी येताना बघितली होती. चहाच्या वेळी विचारलं तर म्हणाले, ती ड्रायव्हरची आहे. असेल.

त्याच चहाच्या वेळी नात त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. मी मागंच होते, बशीत चहा ओतून पीत होते. सर वाईट बोलले नाहीत, पण सरळ बोलले. "विषय जुना झालाय, बाळ. जे उरलंच नाही त्याच्यावर काय लिहिणार? तू लग्नातली गाणी घे. त्यात काम आहे. त्याला मी तुला घेईन."

ती बरं म्हणाली. तिला कोणी काही म्हटलं की ती बरंच म्हणते. वर्गात पोरांपुढं नीट बोलते, मोठ्या माणसांपुढं मान खाली घालून कागद वाचते. माझ्या शेजारी येऊन बसली आणि बिस्किटाचे तुकडे करत राहिली.

"कोन्ची गानी घ्यायचीत?" मी विचारलं.

"मला गाणी येत नाहीत, आज्जी."

"मला येत्यात. पन मी सांगनार न्हाई."

चहानंतर माझी पाळी. मी हॉलला विचारलं, "कुनावरून काढू?" सगळे एकमेकांकडं बघून हसायला लागले. एकही उठेना. लग्नात नाव घ्यायला सांगितल्यावर नवऱ्या मुली बसतात तसे बसले होते. शेवटी पाहुणेच उठले आणि खुर्ची ओढून पुढं बसले. माणूस धीट, एवढं मानलं पाहिजे.

"माझ्यावरून करा, आजी."

"काय दुखतंय?"

"गुडघे."

"उजवा का डावा?"

"दोन्ही."

"मंग कोंबडीला जड जाईल."

हॉल हसला, पाहुणेही हसले. मी त्यांच्या पावलांपासून डोक्यापर्यंत कोंबडी फिरवली, पुटपुटायचं ते पुटपुटले. कोंबडीनं मध्येच पंख झाडले आणि पाहुण्यांच्या मांडीवर घाण केली. ते प्राचार्यांनी स्वतःच्या रुमालानं पुसलं. मग तिला लगेच तिवाट्यावर न्यायची तर फोटोवाला म्हणाला, जेवण झाल्यावर जाऊ, आत्ता ऊन फार कडक आहे, फोटो पांढरे येतात. म्हणून मी तिचा पाय बांधून तिला हॉलच्या कोपऱ्यात डाल्याखाली झाकली आणि जेवायला खाली गेले.

तर अशी ती कोंबडी. आणि आता आचारी म्हणत होता, तीबी टाकली.

शिपायाला फोन लावला. तो पाथर्डीच्या स्टँडवर कोणाला तरी घ्यायला गेला होता आणि गाडीवर असताना फोन उचलत नाही, हा त्याचा एकच चांगला गुण आम्हाला त्या दिवशी नडला.

एक जाडे प्राध्यापक पहिल्यांदा बोलले. "तसं काही नसतं," ते म्हणाले आणि ताट हातभर लांब सरकवलं.

दुसरे म्हणाले, "मी तर नुसता रस्सा घेतलाय."

"रस्सा कोंबडीचाच आस्तो," मी म्हणाले.

नगरहून आलेल्या एक मॅडम माझ्या कानाशी लागल्या. सकाळी त्यांनीच सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या होत्या. "आजी, मी विश्वास ठेवत नाही, पण विचारते. फक्त मान खाल्ली असेल तर?"

"मानंला गुडघा नस्तो. तुमी निर्धास्त राव्हा."

त्यांना खरंच बरं वाटलं.

प्राचार्यांनी जाहीर केलं की ज्यांना हवं त्यांच्यासाठी पिठलं आहे. इतका वेळ पिठल्याकडं कोणी बघितलं नव्हतं, आता तिकडं रांग लागली. पाहुणे उठले नाहीत. त्यांनी नळी ताटात ठेवली, हात पुसले आणि मला विचारलं, "आजी, मी माझेच गुडघे खाल्ले म्हणजे आता काय?"

"मंग ते परत येत्यात. आन् लवकर जात न्हाईत."

"तसेही ते लवकर जाणार नव्हते," ते म्हणाले. पण हसले ते अर्धंच.

मी बाहेर नळावर जाऊन चूळ भरली. दोनदा भरली. खोटं कशाला लिहू, सासूचं बघून करते म्हणाले तरी तिसऱ्यांदाही भरली. दुसऱ्याचं उतरवण्यात जन्म गेला आणि या वयात एका प्राध्यापकाचे गुडघे माझ्याच पोटात गेले. माझे स्वतःचे दोन आहेत ते काय कमी होते?

जेवणानंतरची पहिली पाळी नातीची होती. हॉल वरच्या मजल्यावर, जिना चांगला उंच. मी सावकाश चढते म्हणून सगळ्यांच्या मागं होते, त्यामुळं मला सगळे दिसत होते. सकाळी दोन-दोन पायऱ्या चढणारा एक तरणा मास्तर कठडा धरून चालला होता. जाड्या प्राध्यापकांनी एका हातानं गुडघा दाबला आणि कोणी बघितलं का ते बघितलं. मानवाल्या मॅडम तेवढ्या ताठ चढल्या. पाहुणे मधल्या पायरीवर थांबले, मागं वळून त्यांनी सगळी रांग बघितली आणि पुढं गेले.

मी माझ्या खुर्चीवर जाऊन बसले. माझी खुर्ची स्टेजच्या कडेला होती. तिथून भाषणाचा लाकडी खांब बाजूनं दिसायचा. समोरून तो बंद असतो, पण बोलणाऱ्याच्या बाजूला त्याला फळी असते, कागद ठेवायला. नातीनं सकाळीच तिची फाईल तिथं ठेवली होती.

फाईलवर कोंबडी बसली होती.

पंख फुगवून, डोळे अर्धे मिटून, सात पिढ्यांचं घर असल्यासारखी.

माझ्या तोंडाशी आलं होतं, अरे ही काय इथं. मग म्हटलं, थांब. सांगितलं तर काय होईल? सगळे हसतील, पोटं मोकळी होतील, पाहुणे ऐटीत बसतील आणि माझी नात मान खाली घालून जे उरलंच नाही त्याच्यावरचा कागद वाचेल. मग लग्नातली गाणी. मी पदर नीट केला आणि गप्प बसले.

पाहुणे अध्यक्षाच्या खुर्चीत बसले होते. म्हणाले, "थोडक्यात मांडा."

नात गेली, फाईल घ्यायला वाकली आणि तशीच राहिली. मग तिनं वाकल्या वाकल्या माझ्याकडं बघितलं. मी नुसती मान हलवली आणि ओठ दाबले. आम्ही फडावर असताना उसात साप दिसला की मी तिला असंच गप्प करायचे. तिला ती मान कळते.

ती सरळ झाली. हातात कागद नाही. बराच वेळ गेला. पडद्यावरच्या परदेशी बाईंना वाटलं आवाजच बंद पडलाय, त्या स्वतःच्याच यंत्राशी खटपट करायला लागल्या.

मग नात म्हणाली, "मी आज निबंध वाचणार नाही. आधी एक विचारते. जेवणात कोंबडी कोणी कोणी घेतली?"

कोणी हात वर करेना. पाहुण्यांनी केला. मग एकेक वर आला.

"आणि जिना चढताना गुडघा कोणाचा दुखला?"

सगळे हात खाली.

"मग कठडा कशाला धरला होता?"

मागून कोणीतरी हसलं. मग दोघं-तिघं हसले. जाडे प्राध्यापक म्हणाले, "माझा जुनाच आहे."

"सर, सकाळी जुना नव्हता," नात म्हणाली. असं बोलणं मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. "मी तुम्हाला हसत नाही. मीसुद्धा जेवलेय. मीसुद्धा पायरीवर गुडघा दाबून बघितला. मी एम. ए. आहे, माझा यावर विश्वास नाही, आणि मी बघितला. माझा विषय तेवढाच आहे. विश्वास गेला तरी पाऊल का थांबतं? रस्त्यात लिंबू पडलेलं असलं की गाडी जरा बाजूनं का जाते?"

पुढं ती बरंच बोलली. स्पर्शानं काय लागतं असं मानतात, ओलांडल्यानं काय, खाल्ल्यानं काय. कोण कोणाचं आपल्या अंगावर घेतं आणि कोणावर ढकलतं. ओवाळून टाकलेलं उचलायला शेवटी गरीबच का पुढं येतो. यातलं निम्मं तिनं मलाच विचारून विचारून गोळा केलेलं होतं. पण तिच्या तोंडून ते वेगळं वाटत होतं. मला डुलकी लागली नाही.

पाहुणे नीट ऐकत होते. तिचं संपल्यावर म्हणाले, "चांगलं बोललीस. पण एक अडचण आहे. आज आपण ती कोंबडी खरंच खाल्ली. त्यामुळं मनावर परिणाम झाला. तो एका दिवसाचा योगायोग आहे. त्याच्यावर अभ्यास कसा उभा राहील?"

"आणि आपण ती खाल्लीच नसेल तर?"

"म्हणजे?"

नात फळीकडं वाकली. दोन्ही हात पुढं केले आणि थांबली. मला वाटलं, चोच मारली की काय. तसं नव्हतं. तिनं गळ्यातली ओढणी काढली, हातांना गुंडाळली आणि मग कोंबडी धरून वर उचलली.

"सर, तुमचे गुडघे इथं आहेत," ती म्हणाली.

हॉलमध्ये जे झालं ते शाळा सुटल्यासारखं होतं. जाडे प्राध्यापक टेबलावर हात आपटून हसत होते. मानवाल्या मॅडम आता उगाचच खट्टू दिसत होत्या, त्यांची सूट वाया गेली. प्राचार्य दोनदा म्हणाले, कायद्याच्या दृष्टीनं काही झालेलं नाही. कोंबडी हे सगळं बघून ओरडायला लागली.

पाहुणे हसले नाहीत. ते नातीच्या हातांकडं बघत होते. आवाज खाली बसल्यावर म्हणाले, "ओढणी का घेतलीस?"

तिनं खाली बघितलं. ती लाल झाली. तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं बहुतेक.

"माहीत नाही, सर," ती म्हणाली. "तेच शोधायचंय."

त्यांनी पेनचं टोपण काढलं, लावलं. मग म्हणाले, "गाणी राहू दे. हाच विषय घे. अर्ज माझ्याकडं पाठव." मग माझ्याकडं वळले. "आजी, तुम्ही बाजूलाच बसला होता. तुम्हाला ती दिसली नाही?"

"मला लांबचं कमी दिसतं," मी म्हणाले.

"ही तर जवळ होती."

"जवळचं त्याहून कमी दिसतं."

उन्हं कलल्यावर आम्ही तिवाट्यावर गेलो. मी पुढं कोंबडी घेऊन, मागं नात, पाहुणे, प्राचार्य आणि फोटोवाला. मी सांगितलं होतं, सोडल्यावर मागं बघायचं नाही, बोलायचं नाही. कोंबडी सोडली, ती बाभळीखाली जाऊन माती उकरायला लागली. आम्ही माघारी फिरलो. एवढी शिकलेली माणसं माना आवळल्यासारखी सरळ चालत होती. मध्ये एकाच्या बुटांचा आवाज थांबला आणि परत सुरू झाला. कोणी वळून बघितलं ते मला माहीत आहे, पण मी वळून बघितलं नाही, त्यामुळं शपथेवर सांगता येणार नाही.

फाटकाशी शिपाई भेटला. मी त्याला धरला. "का रे, माझी कोंबडी म्हून आचाऱ्याला काय नेऊन दिलं?"

"तुमची? तिला कोन हात लावतंय, आज्जे? मला बायकू-लेकरं हायेत. माजी व्हती घरची. काळीच व्हती. आंडं देत नव्हती म्हून आनली."

नातीचं नाव लागलं. तास तिच्याकडंच आहेत. सरांचे गुडघे अजून दुखतात, ते फोनवर मला मुद्दाम सांगतात. माझेही दुखतात, पण ते माझे मलाच. काळी कोंबडी तिवाट्यावर चहाच्या टपरीमागं हिंडते, तिच्या वाटेला कोणी जात नाही. त्या दिवशी मेसमध्ये जेवलेले सगळे जिवंत आहेत. मेली ती एकच काळी, शिपायाची.